२२ डीबीआयचा डबा: दहा महिने छतावर टांगला, मग लिहितोय

आधीच सांगून टाकतो, नेटसाठी छतावर लावायच्या या पॅनल अँटेनाला पाचपैकी तीन स्टार. त्यातला एक तर निव्वळ डब्याच्या प्लास्टिकला आहे, कारण आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन खाऊन ते पिवळं पडलं पण तडकलं नाही. बाकीचे दोन कशाचे आणि दोन काहून कापले ते सांगायला जरा लांबण लागणार, ज्याला घाई आहे त्यानं एवढंच वाचा की डब्यावरचा आकडा बघून अँटेना घेऊ नका, टेप घेऊन डबा मोजा.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. टॉवर सरळ रेषेत मोजला तर सहाएक किलोमीटर, रस्त्यानं दहा. मधात एक टेकडीचा खांदा आणि सागवानाचं जंगल. फोन घरात ठेवला की रेंजची दांडीच नाही, छतावर चढलं की दोन, आणि पीक विम्याची शेवटची तारीख आली की समोर चाळीस माणसं, कागदं हातात, स्क्रीनवर ते गोल फिरून राह्यलं तर फिरूनच राह्यलं. एक म्हातारी तर मले म्हणे, "बापू, त्या गोलाले काही वंगण गिंगण दे." फायबर येणार येणार म्हणतात, खड्डे खोदून झाले, नळी पण टाकली, आता नळीत उंदरं राहतात.

म्हणून सिमवाला राऊटर घेतला, सेकंडहँड, मागं बाहेरच्या अँटेनासाठी दोन पोर्ट असलेला. आणि त्याच्यासाठी हा पॅनल अँटेना मागवला. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण हाच डबा पाच-सहा नावांनी विकल्या जातो, फक्त स्टिकर बदलते. पांढरा चौकोनी, २२ सेंटीमीटर बाय २२, जाडी ४ सेंटीमीटर, मागं यू-बोल्टची पट्टी, दोन केबल ५-५ मीटरच्या, किंमत मले पडली ३,४५०. डब्यावर लिहिलेलं: गेन २२ डीबीआय (गेन म्हणजे अँटेना एका दिशेनं किती जास्त ओढते ते, डीबीआय हे त्याचं माप), फ्रिक्वेन्सी ६९८ ते २७०० मेगाहर्ट्झ, मायमो (म्हणजे दोन अँटेनांनी एकदम डेटा ओढायची सोय), फाइव्ह जी रेडी. फाइव्ह जी रेडी हे तर आता चपलेवर पण लिहितील. इथला फाइव्ह जी मुख्यतः ३३०० च्या वर चालतो, डब्याच्या आकड्यात तो बसतच नाही.

याच्या आधी माझ्याकडं यागी होता. यागी म्हणजे तोच आपला दूरदर्शनवाला, आडव्या दांड्यांचा, ज्याच्यासाठी घरातलं सगळ्यात लहान पोट्टं छतावर चढवायचे आणि खालून ओरडायचे, "आलं का?" "नाही, मुंग्याच येऊन राह्यल्या!" ती डिझाइन १९२६ ची आहे, जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातल्या उदा आणि यागी या दोघांची, काम जास्त करून उदाचं पण नाव चाललं यागीचं, आपल्याकडंच असं होते असं नाही म्हणजे. माझा यागी १८०० मेगाहर्ट्झचा, मीटरभर लांब, एकाच दिशेला चांगला ओढायचा. पण त्याच्या तीन भानगडी. एक, तो एकाच बँडचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एकाच पट्ट्याचा, राऊटर २३०० वर गेला की यागी म्हणजे नुसता कपडे वाळवायचा दांडा. दुसरी, मायमोसाठी दोन लागतात, एक असा तिरपा आणि एक तसा तिरपा, कारण टॉवरवरचे अँटेना अधिक-उणे ४५ अंशात असतात. तिसरी भानगड वांदरं. मीटरभर आडवा दांडा म्हणजे त्यांच्यासाठी झोपाळा. दोन महिन्यांत तीन दांड्या वाकल्या. म्हणून छोटा, चपटा, भिंतीला चिकटून बसणारा, सगळे बँड घेणारा असा काहीतरी पाहिजे होता, आणि हा डबा नेमका तेच सांगत होता.

आता पहिल्या दिवसाची गंमत. लावला, राऊटर चालू केला, रेंज होती त्याच्यापेक्षा कमी! म्हटलं गेले पैसे. अर्धा दिवस छतावर डबा फिरवला, बायको खालून विचारते जेवायला येता का तिथंच पाठवू. मग कनेक्टर उघडून पाहतो तर केबलच्या टोकात मधली पिनच नाही. राऊटरला पाहिजे साधा एसएमए आणि यानं पाठवला आरपी-एसएमए, जो वायफायवाले वापरतात. दोन्हीचे आटे सारखे, मस्त घट्ट बसते, पण मधात दोन्हीकडं छिद्रच, पिन लागतच नाही. बाहेरून कोणाला कळणार नाही. शहरात जाऊन १२० रुपयांचे दोन कन्व्हर्टर आणले तेव्हा कुठं गाडी चालू झाली. घेणाऱ्यांनी हे पहिले बघा: राऊटरच्या पोर्टच्या मधात छिद्र असलं तर केबलच्या टोकात पिन पाहिजे.

आता त्या २२ डीबीआयवर येतो. मी पॉलिटेक्निकला ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं, बॅकलॉग काढत काढत पण केलं, तेव्हा अँटेनाच्या विषयातलं एक सूत्र डोक्यात राहून गेलं. चपट्या अँटेनाचं क्षेत्रफळ घ्यायचं, त्याला ४ पायनं (तो ३.१४ वाला पाय) गुणायचं आणि तरंगलांबीच्या वर्गानं भागायचं, म्हणजे तो जास्तीत जास्त किती पट ओढू शकतो ते निघते. १८०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी १६.७ सेंटीमीटर. डबा २२ गुणिले २२ म्हणजे ४८४. करा गणित, उत्तर येते जवळपास २२. हो, बावीसच! पण २२ पट, २२ डीबीआय नाही. डीबीचा हिशोब वेगळा, १० पट म्हणजे १० डीबी, १०० पट म्हणजे २०. २२ पट म्हणजे डीबीत मांडलं तर १३.४. विकणाऱ्यानं पट आणि डीबी यांचा घोळ केला की मुद्दाम केला हे त्यालाच ठाऊक, माझा अंदाज असा की कोणालाच ठाऊक नाही, कुठूनतरी आकडा उचलला. आणि हे १३.४ पण आतला सगळा कारभार अगदी शंभर टक्के असल्यावर, तो कधीच नसते, म्हणून ११ मिळालं तरी हात जोडा. खरंच २२ डीबीआय पाहिजे असल तर १८०० वर साधारण ५९ बाय ५९ सेंटीमीटरचा पत्रा लागते, म्हणजे दोन फूट बाय दोन फूट. त्याला कोण कॉम्पॅक्ट म्हणल.

याच्यापेक्षा छोट्या डब्यातून जास्त ओढायच्या युक्त्या कागदावर आहेत, पण बँड इतका चिंचोळा होतो आणि तांब्यातच इतकं जळते की बाजारातल्या मालात तो विचार सोडून द्यायचा.

हे मी शेजारच्या काकाजींना समजावून सांगत होतो, अशा डब्यात आत पत्र्याचे छोटे छोटे अँटेना असतात तेही, ते रोज संध्याकाळी केंद्रात येऊन बसतात, काम काही नसते. ते म्हणे, "मंग त्या डब्यात अजून लय पत्रे काहून नाही ठोकले त्यानं? जास्त ओढलं असतं."

म्हटलं, "काकाजी, तुमच्या पऱ्हाटीच्या ओळी तीन फुटावर असतात, एक फुटावर काहून नाही लावत?"

"अबे दाटी होते. बोंडं धरत नाही. वावरात ऊन पडते तेवढंच पडते ना, झाडं वाढवल्यानं ऊन थोडंच वाढते."

बस, हेच. यापेक्षा चांगलं मले कोणत्या मास्तरनं शिकवलं नाही. अँटेना ॲरे म्हणजे एकाच्या जागी चार छोटे अँटेना शेजारी शेजारी ठेवायचे आणि सगळ्यांचं पीक एका ठिकाणी गोळा करायचं. एकाचे दोन केले की ३ डीबी वाढते, दोनाचे चार केले की अजून ३, पण हे तेव्हाच जेव्हा प्रत्येकाला आपापली जागा मिळते, साधारण अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जास्त, १८०० वर म्हणजे सव्वाआठ सेंटीमीटरच्या पुढं. त्याच्या आत घुसवले की ते एकमेकाचंच ओढतात, याच्यातली पॉवर त्याच्यात शिरते, केबलशी मॅचिंग बिघडते, आणि दोन्ही पोर्ट एकमेकाला ऐकू यायला लागले की मायमोचा पण फायदा गेला. पार लांब ठेवले, पूर्ण तरंगलांबीएवढे, तर मधातल्या जागेतून तण उगवते, म्हणजे समोर सोडून भलत्याच दिशेला अजून एक जोरदार बीम तयार होते. म्हणून अंतराचा खेळ अर्ध्यापासून साधारण पाऊण तरंगलांबीतच चालते.

पण काकाजी सोडणारा माणूस नाही. "आणि ते सघन लागवडवाले? ते तर दाटीनंच लावतात."

"त्यांचं वाण बुटकं असते ना."

आणि अँटेनात पण बुटकं वाण असते बरं का. पत्र्याखाली हवेच्या ऐवजी एफआर४ टाकली, ती हिरवी सर्किट बोर्डची पाटी, तर तोच पॅच, म्हणजे तो चपट्या पत्र्याचा अँटेना, जवळपास अर्ध्या आकारात बसते, कारण त्या पाटीत तरंग आखडते. स्वस्त डबेवाले हेच करतात. पण मग काय होते की पातळ एफआर४ वरच्या साध्या पॅचची बँडविड्थ राहते दोन-तीन टक्के. १८०० वर तीन टक्के म्हणजे ५४ मेगाहर्ट्झ. आणि आपला बँड ३ आहे १७१० पासून १८८० पर्यंत, अपलोड डाउनलोड मिळून १७० मेगाहर्ट्झ. म्हणजे एकच बँड घ्यायचा तरी तिप्पट पाहिजे! इथं बँडविड्थ म्हणजे नेटचा स्पीड नाही हो, अँटेना किती फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात धड काम करते ते. आकार लहान कराल तर एकतर हा पट्टा चिंचोळा होईल नाहीतर गेन मरेल. चू नावाच्या माणसानं १९४८ मध्येच हे हिशोबात बांधून दिलं होतं, तिन्ही एकदम मिळत नाही. तिन्ही देतो म्हणणारा डबा असला की समजून घ्यायचं.

म्हणून मी वॉरंटीचा विचार न करता मागचे सहा स्क्रू काढले. आणि इथं मात्र मी खरंच खूश झालो, हे दोन स्टार इथले. आत एफआर४ चे चिल्लर पॅच नव्हते. मागं सपाट ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याच्यावर प्लास्टिकच्या खुंट्यांवर उचललेले चार चौकोनी पत्रे, दोन बाय दोन असे, एकमेकापासून मधापासून मधापर्यंत साडेदहा सेंटीमीटरवर, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर अजून एक थोडा लहान पत्रा, मधात नुसती हवा. याला स्टॅक्ड पॅच म्हणतात. खालचा पत्रा एका फ्रिक्वेन्सीवर वाजते, वरचा थोड्या वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, दोघांचे डोंगर एकमेकात मिसळले की रुंद पठार तयार होते. हवेमुळं लॉस कमी, जाडीमुळं पट्टा रुंद. ४ सेंटीमीटर जाडी काहून ठेवली ते तेव्हा कळलं, मी तर समजत होतो रिकामा डबा मोठा दिसावा म्हणून केलाय. ज्यानं कोणी हे मुळात डिझाइन केलं त्याला अक्कल होती, ज्यानं स्टिकर छापलं त्याला नव्हती. फक्त चारही पत्र्यांना जोडणाऱ्या पट्ट्या एफआर४ वर काढल्यात, तिथं थोडं जळते, अर्धा-एक डीबी तरी, आणि एका जागी झाळणं कोरडं होतं ते मी परत मारलं.

पण आत ७००-८५० साठी काहीच नाही. शोधलं, नाहीच. ८५० ची तरंगलांबी ३५ सेंटीमीटर, त्याच्यासाठी निदान १७ सेंटीमीटरचा तुकडा पाहिजे, तो चार पत्र्यांच्या मधात बसवणार कुठं. म्हणजे ६९८ पासून हे सरळसरळ खोटं.

खात्रीसाठी भाचा अमरावतीहून आला तेव्हा त्याच्याकडचा नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना तपासायचं छोटं यंत्र, आणायला सांगितला, तो ३ गिगाहर्ट्झपर्यंतचा आहे, पहिला जुना ९०० पर्यंतवाला या कामाचा नाही. छतावर सतरंजी टाकून बसलो दोघं. व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनातून किती पॉवर परत फिरते त्याचं माप, जितकं एकाजवळ तितकं चांगलं, तो २ च्या खाली राह्यला १६९० पासून २४२० पर्यंत. हे झालं साधारण ३५ टक्के, या किमतीत लय झालं. २ म्हणजे ११ टक्के पॉवर परत फिरते, तेवढं चालते. बँड ३ आला, २१०० चा बँड १ आला, २३०० चा बँड ४० आला. १७१० च्या बाजूला पण ठीक आहे हे महत्त्वाचं, कारण बँड ३ चं अपलोड १७१० ते १७८५ मध्येच असते आणि पुष्कळ स्वस्त अँटेना डाउनलोडच्या बाजूलाच जुळवलेले असतात, मग रेंज फुल दिसते पण पीडीएफ काही वर चढत नाही. राऊटरची ताकद असून असून २०० मिलिवॅट, सहा किलोमीटर दूरच्या टॉवरला आपला आवाज जावा लागते, नुसतं ऐकून काय करता. २६०० वर ३ च्या आसपास गेला. आणि ८५० वर? ६ च्या वर. म्हणजे अर्धी पॉवर दारातूनच वापस.

आणि ८५० चा हा प्रश्न साधा नाही, कारण आमच्यासारख्या गावात दूरवर पोचते ती ८५० च. राऊटरला मोकळं सोडलं की तो पळत पळत ८५० वर जाते, दांड्या तिथं जास्त दिसतात ना, पण तिथं चॅनल अरुंद आणि सगळा तालुका त्याच्यावर लटकलेला. राऊटरच्या सेटिंगमध्ये बँड लॉक करता आला पाहिजे, नाहीतर हा अँटेना घेऊन काही फायदा नाही. माझ्या राऊटरला होते, मी ३ आणि ४० लावून ठेवलेत.

आता आकडे सांगतो, माझ्या छतावरचे, तुमचे वेगळे येतील. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा सिग्नल किती पोचला ते, उण्यात असते, जितकं शून्याकडं तितकं चांगलं. राऊटर घरात स्वतःच्या अँटेनाच्या काड्यांवर: उणे ११५. तोच राऊटर काड्यांसकट छतावर नेऊन: उणे १०७. बघा, काही न घेता नुसतं वर नेल्यानंच ८ डीबी! भिंत आणि टिनाच्या पत्र्याची ती किंमत. मग पॅनल लावला त्याच्या ५ मीटर केबलनं: उणे १०२. फक्त ५ वाढले. काड्या असतील २ डीबीआयच्या, पॅनल ११ चा धरला तर ९ वाढायला पाहिजे होते, ४ गेले कुठं? केबलमध्ये. ती पातळ काळी केबल १८०० वर मीटरमागं पाऊण ते एक डीबी खाते. ५ मीटर म्हणजे चार डीबी, म्हणजे चार पत्र्यांची मेहनत केबलनं खाऊन टाकली, उरला एका पत्र्याएवढा माल. आणि लोकं रिव्ह्यूमध्ये तक्रार करतात की केबल छोटी दिली, १० मीटरची पाहिजे होती! १० मीटर दिली असती तर अँटेना आणि काड्या सारख्याच झाल्या असत्या राजेहो.

मग मी राऊटरच वर नेला. इलेक्ट्रिकवाल्याकडून वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्स आणला ३८० चा, त्यात राऊटर, पॅनलपासून १ मीटर केबल, आणि खाली आली साधी लॅन केबल, ती १०० मीटरपर्यंत काही कमी करत नाही. रीडिंग उणे ९९. पैसे कुठं घालायचे ते याच्यावरून बघा. फक्त मे महिन्यात दुपारी दोन ते चार राऊटर बंद पडायला लागला, बॉक्समध्ये हात घातला तर पोळला. मग पाण्याच्या टाकीच्या खाली, उत्तरेच्या बाजूला सावलीत हलवला आणि बॉक्सला चुना मारला, तेव्हापासून बंद पडला नाही.

दिशा धरायची तर याचा बीम चाळीसेक अंशाचा आहे, म्हणजे यागीसारखं नाकासमोर नेम धरायची गरज नाही. पण एक गोष्ट मले उशिरा कळली. मी पहिले जिथं आरएसआरपी सगळ्यात चांगला तिथं कसून टाकला. स्पीड ६ एमबीपीएस. नंतर उगाच सिनर बघितला, म्हणजे कामाचा सिग्नल आणि कचरा यांचं प्रमाण, तो होता ३. डबा वीस अंश उजवीकडं फिरवला, आरएसआरपी तीनेकानं पडला पण सिनर गेला ११ वर, कारण पांढरकवड्याकडच्या दुसऱ्या टॉवरची बडबड बीमच्या बाहेर गेली. स्पीड १५-१६. दांड्या बघून नका कसू.

सकाळी सात वाजता १८ पण बघितलाय. रात्री नऊला ४. तेव्हा सगळे मोबाइलवर असतात आणि टॉवरच दमलेला असते, तिथं तुमचा अँटेना सोन्याचा असला तरी काही होत नाही. हे विकणारा सांगत नाही, शहरातला दुकानदार पण नाही सांगत, तो तर मले म्हणे अँटेना कशाला, बूस्टर घेऊन जा, साडेसात हजारात पूर्ण गाव चमकवतो. तो बूस्टर परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीर आहे, टॉवरवाल्यांच्या सिग्नलमध्ये गोंधळ होते आणि मशीन जप्त होते. हा पॅनल बूस्टर नाही, याला वीज लागत नाही, नुसता कान मोठा करते.

ऋतूप्रमाणं फरक पडते आणि तो आमच्याकडं चांगलाच दिसते. पावसाळ्यात सागवानाला परातीएवढी पानं, वरून ओली, तेव्हा २३०० चा बँड जवळजवळ गेला, उणे ११० च्या खाली, १८०० कसातरी टिकला. पान झडायला लागलं तसा तसा सुधारला, आता फेब्रुवारीत ऐन रंगात आहे. एकाच बँडचा अँटेना असता तर मी पावसाळ्यात बसलोच असतो बोंबलत. रुंद पट्ट्याचा फायदा मले तेव्हा पटला, एक बँड पडला की दुसऱ्यावर जाता येते, डबा तोच.

खराबी: मागचा यू-बोल्ट दिवाळीच्या आधीच गंजला, स्टेनलेसचा म्हणून लिहिलं होतं, मी ६० रुपयांत दुसरा टाकला. कनेक्टरवर रबराचा चिकट टेप ओढून गुंडाळा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी केबलमध्ये उतरते. पाइपला अर्थिंग करा, आमच्या भागात जूनमध्ये कशा विजा पडतात ते सांगायला नको, आणि कडकडाट सुरू झाला की लॅनची पिन काढून ठेवा, अर्थिंगवर फार भरवसा ठेवू नका. वांदरं डब्याला हात लावत नाहीत, लटकायला काही नाही ना. एक मोठा हुप्प्या मात्र रोज सकाळी त्याच्यावर बसून आमच्या तुरीकडं बघते. तेवढ्यानं डबा खाली झुकला होता, परत कसला.

आणि एक अशी गोष्ट जिचा मी पैसे भरताना विचारच केला नव्हता. केंद्रात नेट आलं, साइट उघडली, आधार नंबर टाकला, आणि आता ओटीपी! तो येणार शेतकऱ्याच्या फोनवर. फोनला तर रेंज नाहीच, रेंज आली राऊटरला. पहिल्या दिवशी लोकं फोन हातात वर धरून अंगणात फिरत होती, आजोबा टाकीवर चढायला निघाले. ज्यांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग आहे त्यांचं चालू करून देतो, त्यातल्या पुष्कळांना मेसेज वायफायवरून येऊन जाते. ज्यांचा बटणाचा फोन आहे त्यांच्यासाठी छतावर जाणाऱ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर एक खुर्ची ठेवली आहे. तिथं दोन दांड्या येतात. खुर्चीचं नाव पडलंय ओटीपी खुर्ची.

कस्टमर केअरला मी दोनदा लिहिलं, एकदा पिनबद्दल, एकदा ८५० बद्दल. दोन्ही वेळेस उत्तर आलं की कृपया राऊटर रीस्टार्ट करा. ५० रुपयांचं कूपन पण दिलं, पुढच्या खरेदीवर.

कोणी घ्यावा विचारत असाल तर ज्याच्या इथं १८०० किंवा २३०० थोडाफार तरी पोचते, छतावर उणे ११० च्या आसपास, आणि राऊटरला बँड लॉक होते, त्यानं घ्यावा, ३,४५० मध्ये आतला माल प्रामाणिक आहे. ज्याच्याकडं फक्त ८५० किंवा ७०० च येते त्यानं हा घेऊ नये, त्यानं लॉग पिरियॉडिकची जोडी बघावी, तो फणीसारखा लहान-मोठ्या दांड्यांचा असते, गेन कमी पण पट्टा रुंद, आणि खालच्या बँडसाठी त्याच्या मागच्या दांड्या खरोखर लांब असतात, डोळ्यानं मोजता येतात. वांदरांचं तुमचं तुम्ही बघा.

काल हा रिव्ह्यू लिहायला बसलो तेव्हा स्पेलिंग बघायला लिंक परत उघडली. तोच डबा, तोच फोटो, मागं तोच गंजणारा बोल्ट, किंमत ३०० नं वाढलेली, आणि आता लिहिलंय ३५ डीबीआय. काकाजी बाजूलाच होते, म्हणे कर हिशोब. केला. १८०० वर ३५ डीबीआय पाहिजे असल तर साधारण पावणेनऊ फूट बाय पावणेनऊ फूट. काकाजींनी छताकडं बघितलं आणि म्हणे, "जागा तर आहे बे. त्या हुप्प्याले इचारा लागन."